पोटातली सुडी

सोजरबाईच्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूचे टिपके होते आणि त्या टिपक्यांवर तिचा देवाइतकाच भरवसा होता. गाय माजावर आली की एक आडवी रेघ, वळू दाखवला की रेघेवर फुली, आणि मग रोज सकाळी एक टिपका. एकवीस टिपके भरले आणि गाय पुन्हा हंबरायला लागली, की समजायचं, उलटली, गाभण राहिली नाही. बाईला अक्षरओळख नव्हती, पण गावातल्या पटवाऱ्याचं दप्तर चुकेल, तिची भिंत चुकणार नाही.

ही विद्या तिला सलोत्री साहेबानं दिली होती. निजामाच्या वेळी आदिलाबादेहून घोड्यावर बसून जनावरांचा डॉक्टर यायचा, त्याला सगळे सलोत्री म्हणत. म्हातारा मोठा बोलका. बाकीच्यांच्या गायी बघताना तो नुसता औषध द्यायचा, पण सोजरबाई प्रश्न विचारायची, म्हणून तिला समजावून सांगायचा. "देखो बाई, गाय के अंदर एक दाना पकता है. पकता, फूटता, और उसकी जगह पीली गाँठ बनती. वो गाँठ खून में एक रस छोड़ती. रस बोलता, रुको, शायद मेहमान आएगा." पाहुणा आला, म्हणजे बीज धरलं, की ती पिवळी गाठ तशीच राहते, रस वाहत राहतो आणि माज थांबतो. पाहुणा आला नाही की गाठ सुकते, रस आटतो, दुसरा दाणा पिकायला लागतो आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा दावं तोडते. बाईचंही असंच, फक्त दिवस अठ्ठावीस, एवढं सांगून साहेब लाजला होता. सोजरबाई लाजली नाही. तिनं घरी येऊन गेरू कालवला.

पुढं पोलीस ॲक्शन झालं, साहेब हैदराबादेला गेला तो परत आला नाही. निजाम गेला, कचेरीतल्या पाट्या बदलल्या, अर्जाची भाषा बदलली. गायीचे एकवीस दिवस मात्र कोणाला बदलता आले नाहीत.

आता या भिंतीवर दोन वर्षांत अकरा फुल्या झाल्या होत्या. सगळ्या ढवळीच्या. ढवळी तिची लाडकी गाय, दोनदा व्यालेली, अंगानं चांगली. अकरा वेळा गावचा वळू दाखवला आणि अकरा वेळा ती उलटली. आणि एकटी ढवळीच नव्हे, गावात त्या दोन वर्षांत एक गाय गाभण राहिली असेल तर शपथ. लोकांनी भाकड म्हणून आठ गायी बाजारात नेऊन विकल्या. वळूकडे बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती, कारण वळू यशवंतराव पाटलांनी आपल्या वडिलांच्या नावानं महादेवाला सोडलेला होता. खुरकुतीच्या साथीत तो महिनाभर तापानं फणफणला होता, तेव्हापासूनचं हे सगळं. पण देवाच्या वळूला कोण बोलणार?

सोजरबाई बोलली असती, पण तिचे हात बांधलेले होते. तिची एकुलती एक लेक बयना त्याच पाटलांच्या घरात दिलेली होती, त्यांच्या बाबारावाला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

यंदाच्या दिवाळीला बयना माहेरी आली आणि तिला न्यायला कोणी आलं नाही. निरोप आला तो चावडीवर या म्हणून.

चावडीत पाटील लोडाला टेकून बसले होते. शेजारी पटवारी उद्धवराव कागद घेऊन. गुडीहत्नूरकडची एक मुलगी बाबारावासाठी बघून ठेवलेली होती. पूर्वी दुसरी बायको करायला कोणाला विचारावं लागत नव्हतं, पण दिल्लीनं नवा कायदा काढला होता, एका वेळी दोन चालत नाहीत. म्हणून आधी सोडचिठ्ठी हवी. उद्धवरावांनी कागद वाचून दाखवला. मुलगी वांझ आहे, सबब आम्ही राजीखुशीनं सोडचिठ्ठी घेत आहोत, पुढं तक्रार नाही. खाली आईचा अंगठा आणि मुलीचा अंगठा.

"राजीखुशी कोणाची?" सोजरबाईनं विचारलं.

"कागदात तसंच लिवतेत, बाई," उद्धवराव म्हणाले.

पाटील हसले. "इहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. भाकड गाय अन् वांझ सून, दोनी माह्या दावणीले राहत नाही."

सोजरबाईचं डोकं फिरलं. सात वर्षं ती व्याह्यांपुढं मान खाली घालून बसली होती, त्या सात वर्षांचा राग एकदम वर आला.

"पाटील, गाईचं नाव तुमी काढलं. मंग गाईचंच बोलू. माही ढवळी भाकड नाही. एकवीस दिवसाले माजावर येते, एक दिवस इकडं नाही का तिकडं नाही. जमीन बराबर हाय. तुमचा वळू रिकामा हाय."

फकिरा नावाचा एक वात्रट माणूस गावात होता, त्याच्या तोंडातली विडी तशीच राहिली.

"देवाच्या वळूले बोलता?" पाटील म्हणाले.

"देवाले काई नाही बोलून राह्यली. वळूले बोलून राह्यली. मले तीन महिने द्या. ढवळी दुसऱ्या वळूले दाखवतो. फळली तर काय म्हणसान?"

पाटलांना ही गंमत वाटली. गावासमोर बाईची जिरवायची आयती संधी होती. "फळली तर याच चावडीत म्हणीन, दोष तुह्या पोरीचा नाही. अन् नाही फळली तर अंगठा, मुकाट्यानं."

"देतो अंगठा," सोजरबाई म्हणाली आणि उठली.

घरी येऊन तिनं हे सगळं मोठ्या तोऱ्यात लेकीला सांगितलं. बयना चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं पीठ तसंच परातीत टाकलं.

"माह्यावर पैज लावली तू?"

"तुह्यासाठीच लावली ना."

"मले विचारलं? त्यायनं विचारलं नाही, अन् तुनं बी नाही. मी काय गाय हाय का, माय?"

त्या संध्याकाळी सोजरबाई गोठ्यात जाऊन उगीचच शेण गोळा करत बसली.

पंधरा दिवसांत ढवळी माजावर आली. गायीचा माज टिकतो तो जेमतेम दिवसभर, तेवढ्यात वळू गाठावा लागतो. सोजरबाईचा मावसभाऊ नागोराव नाल्यापलीकडं तीन कोसांवर किनवट तालुक्यात राहायचा, त्याच्याकडं जातिवंत वळू होता. परवापर्यंत किनवटही आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. एक नोव्हेंबरला राज्यांची वाटणी झाली आणि नाल्याच्या पलीकडचे लोक मुंबई राज्यात गेले, अलीकडचे आंध्रात राहिले. दोन्हीकडं मराठीच बोलत होते, पण हे नकाशा काढणाऱ्याला कोणी कळवलं नसावं.

सोजरबाईनं ढवळीचं दावं सोडलं आणि वाटेला लागली. गाय अधूनमधून अडून बसायची. थोडं पुढं गेल्यावर तिला वाटलं, मागून कोणीतरी गायीला हाकतंय. वळून पाहिलं तर बयना, हातात काठी, चेहरा फुगलेला. पैजेच्या दिवसापासून ती आईशी धड बोलली नव्हती. आताही बोलली नाही, पण तीन कोस गाय तिनंच हाकली. नाल्यात ढवळी पाण्याला अडली तेव्हा तिनंच मागून रेटा दिला.

"परराज्यातून पाहुणे आले," नागोराव हसत म्हणाला. "सोजर, परवाना आणला का?"

"गाईले विचार. तिले ठाऊक असंल कुठं राज्य बदलते ते."

वळूनं आपलं काम केलं. सोजरबाईनं घरी येऊन भिंतीवर बारावी फुली मारली आणि टिपके द्यायला लागली.

एकवीस टिपके भरले त्या दिवशी ती पहाटेपासून गोठ्यात बसून होती. ढवळी कडबा खात राहिली. हंबरली नाही. बेचाळीस भरले. त्रेसष्ट भरले. आत कुठंतरी ती पिवळी गाठ बसून राहिलीय आणि तिचा रस गायीला थांब म्हणतोय, हे सोजरबाईला डोळ्यांनी दिसल्यासारखं कळत होतं. पण गावाला भिंत वाचता येत नव्हती. फकिरा म्हणायचा, म्हातारी झाली गाय, माजच बंद झाला. पाटील म्हणायचे, नव्वद दिवस होऊ द्या, मग बघू.

एकदा एकटी असताना तिच्या मनात एक जुनी गोष्ट आली. बाबाराव लग्नाआधी एकोणीस वर्षांचा असताना त्याला गालगुंड झालं होतं. गालाची सूज उतरून खाली गेली, पोरगा महिनाभर खाटेवर कण्हत पडला होता. पाटलीणबाईंनी तेव्हा तिलाच शेक द्यायला बोलावलं होतं. वळू तापातून उठला आणि रिकामा झाला. मग माणसाचं काय? हा विचार आला आणि तिनं तो तिथंच दाबला. दुसऱ्याच्या पोराच्या आजारपणात आपण शेक दिला, त्याचं भांडवल करायचं नाही, असं तिनं ठरवलं. ठरवलं खरं, पण विसरली नाही.

माघात गावोगाव जनावरांना लस टोचायचं काम निघालं आणि नवा डॉक्टर आला. सुब्बाराव नाव, बेजवाड्याकडचा, नव्या राज्याबरोबर आलेला. त्याला तेलुगू यायची आणि इंग्रजी यायची. हिंदीचे दोन-तीन शब्द, तेही अडखळत. मराठीचा पत्ता नाही. त्यामुळं सगळं काम हातवाऱ्यांवर चाललं होतं आणि जनावरांची त्याला काही हरकत नव्हती.

त्या दिवशी ढवळीच्या नावावर एक्याण्णव टिपके होते. लस टोचून झाली तसे पाटील उठले. "इहीणबाई, डॉक्टर आलाच हाय. होऊन जाऊ द्या."

चावडीपुढं गाय उभी केली. सगळं गाव जमलं, बायका भिंतीच्या कडेला. बयनाही होती. पाटलांच्या मागं बाबाराव खाली बघत उभा होता. डॉक्टरला खुणेनं सांगितलं, पोट बघा. त्यानं सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली, हाताला साबण लावला आणि शेपटी बाजूला धरून हात कोपराच्याही वर आत घातला. लोक हसले. तो आभाळाकडं बघत, बोटांनी आत चाचपत राहिला. सोजरबाईनं दावं इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या तळहाताला वळ उठले.

डॉक्टरनं हात बाहेर काढला. "सूडि," तो म्हणाला. "मूडु नेलला सूडि." आणि वहीत काहीतरी लिहून हात धुवायला हौदाकडं गेला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग फकिरा फस्सकन हसला. "सुडी म्हणते तो. पोटात कडब्याची सुडी हाय म्हणते."

सगळी चावडी हसायला लागली. ज्वारी काढून झाली होती, गावाभोवती जिकडंतिकडं कडब्याच्या सुड्या रचलेल्या होत्या, आणि आता म्हणे एक सोजरबाईच्या गायीच्या पोटातही होती. हसता हसता एकाचा पटका सुटला. पाटलांनी डोळे पुसले. "इहीणबाई, गाईले खाऊ घातलं लय तुमी. मेहनत केली, पण कडबाच निघाला. आना हो उद्धवराव तो कागद."

कागद आला, शाईची गादी आली. भिंत चुकली? सलोत्री साहेब चुकला? सोजरबाईनं शब्द दिला होता आणि दिलेला शब्द फिरवणारी ती नव्हती. उद्धवरावांनी तिचा अंगठा धरून शाईवर टेकवला. कागदावर त्या काळ्या ओळींत कुठंतरी वांझ लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळीच अक्षरं तिला तीच वाटत होती.

अंगठा कागदावर टेकणार तेवढ्यात तिच्या डोक्यात एक शब्द आला. मूडु.

आदिलाबादच्या बाजारात ती वीस वर्षं वांगी विकत होती. ओकटि, रेंडु, मूडु. एक, दोन, तीन. तीन काय? पोटात तीन सुड्या कशा असतील? आणि नाल्यापलीकडं जाऊन आल्याला किती महिने झाले?

तिनं अंगठा मागं घेतला.

"काऊन?" पाटील म्हणाले.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. हौदाशी जाऊन तिनं डॉक्टरची ओली बाही धरली, त्या पांढऱ्या सदऱ्यावर तिचा निळा अंगठा उमटला, आणि त्याला ओढत चावडीमागच्या कडब्याच्या सुडीपाशी नेलं. गाव मागोमाग. तिनं सुडीवर हात मारला. "हे सूडि?"

डॉक्टर घाबरून तिच्याकडं बघायला लागला. "कादु, कादु. वामि."

कादु म्हणजे नाही, हे तिला भाव करून करून पाठ होतं, आणि वामि हे त्याच्याकडचं कडब्याच्या सुडीचं नाव असावं. तिनं त्याला परत ओढत गायीपाशी आणलं आणि ढवळीच्या पोटावर हात ठेवला. "मंग हे सूडि?"

"आ, सूडि," डॉक्टर म्हणाला. आता त्यालाही काहीतरी उमगलं. त्यानं दोन्ही हातांची झोळी केली, त्यात बाळ असल्यासारखी झुलवली, वासरासारखा बारीक हंबरला आणि तीन बोटं वर केली. सूडि म्हणजे गाभण, तीन महिन्यांची. मग आपल्या सदऱ्यावरचा निळा अंगठा पाहून कपाळाला हात लावला.

यावेळी कोणी हसलं नाही. फकिरा तर विडी शोधायला म्हणून जो सटकला तो दोन दिवस दिसला नाही.

सोजरबाई पाटलांसमोर येऊन उभी राहिली. "म्हणा आता."

"जनावराचं अन् माणसाचं एक असते का?"

"नसते. पण दिवाळीत याच चावडीत तुमीच एक केलं होतं. म्हणा."

पाटील कागदाकडं बघत राहिले. मिशीवरून हात फिरवला, उद्धवरावांकडं पाहिलं. उद्धवराव शाईची गादी पुसत बसले. सोजरबाईच्या जिभेवर ती जुनी गोष्ट आली होती. दोन शब्द टाकले असते तर पाटलांचं घर गावातून मान वर करून चाललं नसतं. तिनं दात आवळून धरले.

"बाबा, तुमी म्हणा, नाहीतर मी म्हणतो," मागून आवाज आला.

बाबाराव पुढं आला. सात वर्षांत त्याला चावडीत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. "मले एकोणिसाव्या वर्सी गालगुंड झालं होतं. खाली उतरलं होतं. तवापासून माह्या मनात शंका हाय. बयना वांझ नाही. असंल तर दोष माहा असंल."

पाटील उठून उभे राहिले, पुन्हा बसले. बायकांतून बयना पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. नव्हतं.

"सात वर्सं मनात होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"सात वर्सं मी सोमवार धरले. तुमच्या मायनं सांगितलं तवा झाडपाल्याचा रस पिऊन ओकून ओकून पडली. बारशाले गेली की बाया पाळण्याजवळून मले उठवत. अन् तुमाले ठाऊक होतं."

"ठाऊक नव्हतं. शंका होती."

"शंका तरी सांगायची."

बाबाराव म्हणाला, "चल घरी."

बयनानं उद्धवरावांच्या हातातला कागद घेतला. वांझ कुठं लिहिलंय ते विचारलं. उद्धवरावांनी बोट ठेवलं. तिनं शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि त्या शब्दावर असा रगडला की खालचं काही दिसेना. मग कागद परत दिला.

"ढवळी व्यायले अजून सहा महिने हायेत," ती म्हणाली. "पोळ्याच्या आसपास व्याईल. तवरक तुमी वाट पाहा. मी दर महिन्याले पाहिली, तुमी बी पाहा."

"सुनेनं अट घालायची?" पाटील म्हणाले.

"घातली," बयना म्हणाली. तिनं आईच्या हातून गायीचं दावं घेतलं आणि घराकडं चालू लागली. सोजरबाईला अभिमानही वाटला आणि थोडं लागलंही, कारण पोरीनं यावेळी तिलाही विचारलं नव्हतं. ती मुकाट्यानं मागून चालली.

गोठ्यात गेल्यावर बयनानं गेरूची वाटी उचलली. ढवळीचे टिपके सोडून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, मोकळ्या जागेत, तिनं एक टिपका दिला.

"हे कोनाचं?" सोजरबाईनं विचारलं.

"त्यायचं."

"अन् सहा महिने भरले की? जाशीन?"

"ते मी ठरवीन, माय. मले विचारजो, मंग सांगीन."

सोजरबाई मान हलवून गायीपुढं कडबा टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ढवळीचा ब्याण्णवावा टिपका दिला. दुसऱ्या टोकाच्या टिपक्याला तिनं हात लावला नाही.